घरात उघडणारी नॅस पेटी इंटरनेटपर्यंत का पोचत नाही?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. इंदूरच्या लोकमान्यनगरात आमचे दुमजली घर आहे. २०१९ साली आम्ही दोन हार्ड डिस्कची एक नॅस पेटी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी, घेतली. घरातील सर्व छायाचित्रे, जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि वडिलांनी घरगुती बैठकींतील गाणे टिपून ठेवलेल्या कॅसेटांवरून उतरवलेल्या फाइली तीत आहेत. गेल्या महिन्यात आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली आणि त्याच आठवड्यात तीन नोडांची मेश वायफाय (घरात ठिकठिकाणी ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वायफायची छोटी यंत्रे) बसवून घेतली. संगणकावर आणि टीव्हीवर छायाचित्रे अजूनही पूर्वीसारखीच उघडतात. मात्र पेटीच्या सेटिंगच्या पानावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश येतो, रात्री क्लाउडवर जाणारा बॅकअप थांबला आहे आणि पुण्यात राहणाऱ्या मुलीला तिच्या फोनवर काहीच दिसत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो की पेटीच बिघडली आहे, आणि दुकानदार नवी घ्या म्हणतो. मेश दोनदा रीसेट करून पाहिली, पण फरक पडला नाही. पेटीत आयपी १९२.१६८.१.२० आणि गेटवे १९२.१६८.१.१ आहे, डीएनएसच्या जागी जुन्या कंपनीच्या माणसाने तेव्हा हाताने भरलेले दोन पत्ते आहेत. संगणकावर आयपी १९२.१६८.१.३४ असून गेटवे आणि डीएनएस हे दोन्ही १९२.१६८.१.१ आहेत. पेटी माडीवरच्या नोडला केबलने जोडलेली आहे. नवी पेटी घ्यावी का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नवी पेटी घेऊ नये. आपण दिलेल्या माहितीवरून पेटी धडधाकट दिसते, आणि मेशचाही यात दोष असण्याची शक्यता कमी आहे.

सेटिंगला हात लावण्याआधी मात्र एक काम आजच करावे. क्लाउडवरचा बॅकअप महिनाभर बंद आहे. म्हणजे या महिन्यात पेटीत भरलेल्या प्रत्येक गोष्टीची प्रत केवळ त्या पेटीतच आहे. दोन डिस्क असल्यामुळे आपण निर्धास्त असाल, परंतु एकीचा मजकूर दुसरीवर उतरत असला तरी ती सोय फक्त एक डिस्क निकामी झाली तर उपयोगी पडते. चुकून फाइल पुसली गेली तर ती दोन्हींवरून एकाच वेळी जाते, आणि विजेच्या धक्क्याने पेटीच गेली तर दोन्ही धोक्यात येतात. म्हणून एखादी बाहेरची यूएसबी डिस्क जोडून निदान कॅसेटांच्या फाइली तरी आधी उतरवून घ्याव्यात, कारण छायाचित्रांच्या प्रती कोणा नातेवाइकाकडे सापडतील, बैठकींतील गाण्याच्या सापडणार नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरातील कोणत्याही यंत्राला इंटरनेटपर्यंत जाण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : स्वतःचा पत्ता, घराबाहेर पडण्याचे दार म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतील पत्ता सांगणारा डीएनएस. आपण पेटीचे आणि संगणकाचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवले, त्यामुळे निदान पुष्कळ सोपे झाले. दोघांचे पत्ते एकाच जाळ्यातले आहेत, म्हणून घरात छायाचित्रे उघडतात. दोघांचा गेटवेही एकच आहे, आणि संगणक त्याच दाराने रोज बाहेर जातो, तेव्हा दार उघडे आहे हे उघड आहे. फरक उरतो तो फक्त डीएनएसचा. संगणक तो नव्या राउटरकडून घेतो, तर पेटी अजूनही २०१९ मधल्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारते. बहुतेक इंटरनेट कंपन्या आपले डीएनएस सर्व्हर केवळ स्वतःच्या ग्राहकांसाठी ठेवतात. आपण आता त्या कंपनीचे ग्राहक नाही, म्हणून पेटीने विचारलेले नाव अनुत्तरित राहते आणि रस्ता मोकळा असूनही कुठे जायचे हेच तिला कळत नाही. घरातल्या घरात या सर्व्हरला काही विचारावेच लागत नसल्यामुळे टीव्हीवर छायाचित्रे बिनदिक्कत दिसत राहतात. कंपनीच्या माणसाचा आणि दुकानदाराचा गैरसमज येथेच झाला असावा.

हे निदान खरे की नाही ते पेटीला न छेडता पडताळता येते. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाच मिनिटांपुरते पेटीतले तेच दोन जुने डीएनएस पत्ते भरावेत आणि त्या दिवशी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. आधी उघडलेल्यांची उत्तरे संगणकाने साठवलेली असतात, म्हणून नवे हवे. संगणकाचेही इंटरनेट ‘गेले’ तर दोष डीएनएसचाच, यात शंका राहत नाही. त्यानंतर संगणकाची सेटिंग पुन्हा आपोआप मिळण्यावर ठेवण्यास विसरू नये. त्या दोन पत्त्यांपैकी एखादा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ निघाला तर मात्र माझे निदान लागू पडणार नाही, कारण अनुक्रमे २००९ आणि २०१८ पासून चालू असलेल्या या डीएनएस सेवा कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला उत्तर देतात.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. पेटीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १९२.१६८.१.१ भरावे. (हे आकडे येथे मराठीत छापले आहेत, यंत्रात ते इंग्रजी अंकांतच भरावे लागतात.) परंतु एवढ्यावर थांबू नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हाताने भरलेला पत्ता पेटीत सहा वर्षे असो की साठ, राउटर बदलला की तो अडचणीत आणतो. शिवाय १९२.१६८.१.२० हा पत्ता पेटीने धरून ठेवला आहे हे नव्या राउटरला ठाऊक नाही. उद्या तोच पत्ता त्याने पाहुण्याच्या फोनला देऊन टाकला तर दोन यंत्रांचा एकच पत्ता होईल आणि पेटी अधूनमधून नाहीशी होऊ लागेल. म्हणून पेटीला सर्व काही राउटरकडून आपोआप घेण्यास सांगावे आणि राउटरमध्ये, म्हणजे ज्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे त्यात, १९२.१६८.१.२० हा पत्ता पेटीच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या ओळख-क्रमांकासाठी) राखून ठेवावा. बहुतेक राउटरांत ही सोय ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाने असते. पत्ता तोच राहील, पण तो देणारा राउटर असेल, आणि गेटवे व डीएनएस बदलले तर पेटीला ते आपोआप कळतील.

डीएनएस सुधारूनही संदेश गेला नाही, तर पुढची शंका मेशच्या ॲपवर घ्यावी. अनेक मेश संचांत एखाद्या यंत्राचे इंटरनेट थांबवून ठेवता येते, मुलांच्या फोनसाठी ही सोय असते. ओळख नसलेले नवे यंत्र त्या गटात पडले की त्याचे घरातले काम चालू राहते आणि बाहेरचे बंद होते. लक्षणे अगदी आपल्यासारखीच असल्यामुळे ॲपमध्ये पेटीच्या नावापुढे ‘थांबवले’ असे चिन्ह नाही ना, हे एकदा पाहावेच. मग पेटीचे घड्याळ तपासावे. पेटीतील बटणासारखा छोटा सेल संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊ शकते, आणि तारीख चुकीची असली की क्लाउडची सुरक्षित जोडणी प्रमाणपत्र अवैध समजून तुटते. पूर्वी कोणी वेग वाढवण्यासाठी पेटीत ‘जंबो फ्रेम’ चालू करून एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार, ९००० केला असेल तर तो १५०० वर आणावा.

आपले संगणक-ज्ञानी शेजारी ‘डबल नॅट’चे नाव घेतील, म्हणजे कंपनीची पेटी (इंटरनेट कंपनीने बसवलेले यंत्र) आणि मेश हे दोघेही राउटर बनल्याची तक्रार करतील. तसे असले तरी त्यामुळे आतून बाहेर जाणारी जोडणी अडत नाही, आणि बॅकअपला तेवढीच लागते. बाहेरून घरात शिरताना मात्र तो अडथळा ठरतो. पेटीला दोन लॅन पोर्ट असतील तर एक केबल कंपनीच्या पेटीत आणि दुसरी मेशमध्ये असे कधीही लावू नये, कारण मग दोन दारांपैकी कोणते धरावे याचा घोळ होतो.

मुलीच्या फोनचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि येथे मला सर्वाधिक काळजी वाटते. पूर्वी ती पेटीच्या उत्पादकाच्या मध्यस्थ सेवेने छायाचित्रे पाहत असेल तर पेटीचे इंटरनेट सुरू होताच ते आपोआप पूर्ववत होईल. राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून थेट पेटीत येण्याची वाट करून, दिलेला असेल तर तो उघडा मार्ग पुन्हा तयार करू नये. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या इंटरनेटला थेट जोडलेल्या जुन्या पेट्या दुरून रीसेट झाल्या आणि अनेकांचा सर्व साठा पुसला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपच्या इंटरनेटवर उघड्या पडलेल्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद केल्या. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही जोडीने सुरू होत असेल तर आपणही त्यांतलेच, आणि मग पोर्ट उघडूनही बाहेरून काही येणार नाही. मुलीसाठी मध्यस्थ सेवा किंवा दोन्हीकडून बाहेर जोडणारी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सुरक्षित जोडणी) हे दोनच मार्ग मला पटतात. २०१९ नंतर पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले नसेल, आणि महिनाभर तर ते शक्यच नव्हते. म्हणून इंटरनेट आले की इतर काहीही करण्यापूर्वी ते अद्ययावत करावे आणि ‘ॲडमिन’ नावाचे मूळ खाते बंद करून वेगळे खाते वापरावे.

आता माडीवरच्या नोडाविषयी. केबल पेटीपासून नोडापर्यंतच असेल तर पुढचा प्रवास वायफायनेच होतो, आणि जाड भिंत व मधला स्लॅब आड आला की प्रत्येक फाइल त्या अरुंद वाटेने जाते. इंटरनेट न मिळण्याचे हे कारण नसले तरी शक्य असेल तर पेटी मुख्य नोडाशेजारी खाली आणावी. नव्या केबलसाठी भिंत फोडायची तयारी असेल तर माडीवरचा नोड मुख्य नोडाला केबलने जोडणे अधिक चांगले. पेटी हलवल्यावर पोर्टवरील दिव्यावरून वेग पाहावा. तो १००० ऐवजी १०० दिसला तर केबलच्या आतील चारांपैकी एखादी जोडी तुटलेली असते, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. अशा वेळी केबल बदलावी.

वीज गेल्यावर पेटी, नोड आणि कंपनीची पेटी एकदम चालू होतात, आणि राउटर तयार होण्याआधीच पेटीने पत्ता मागितला तर ती स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसते. सर्व काही आपोआप घेण्यावर ठेवल्यानंतर हा प्रसंग कधीतरी येईल. तसा पत्ता दिसला तर राउटर पूर्ण सुरू होऊ देऊन मगच पेटी बंद-चालू करावी. तिन्ही यंत्रांना एक छोटा यूपीएस असेल तर ही वेळच येत नाही, आणि डिस्क मध्येच बंद पडण्याचा धोकाही टळतो.

थांबलेला बॅकअप सुरू झाल्यावर तो पहिल्या दिवसांत तासन्‌तास चालेल. त्या काळात पेटी बंद करू नये. तो पूर्ण झाल्याचा संदेश आला की क्लाउडवरून कॅसेटची कोणतीही एक फाइल संगणकावर परत उतरवून घ्यावी आणि ती अखेरपर्यंत ऐकून पाहावी.