खुर्च्या वाढतात त्याचं काही नाही, घोडं अडतं ते एकमतापाशी

युक्रेन, मोल्दोवा, पश्चिम बाल्कनमधले देश आत आले तर युरोपीय संघाचा कारभार ठप्प होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. भीती खरी आहे, पण तिचं मूळ आपण बहुतेकदा भलत्याच ठिकाणी शोधतो.

संसदेचं फारसं मनावर घेऊ नका. अध्यक्ष धरून 751 ही कमाल मर्यादा आहे, आज 720 सदस्य आहेत. नवा देश आला की फेरवाटप होईल, जुन्यांच्या काही जागा जातील, कुरबूर होईल, पण मार्ग निघेल.

युरोपीय आयोगाचं, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या आयुक्तांच्या मंडळाचं, दुखणं जरा जुनं आहे. संघाच्या कारभाराचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन कराराप्रमाणे 2014 पासून देशांच्या दोन तृतीयांश इतकेच आयुक्त राहायचे होते. 2008 च्या सार्वमतात आयर्लंडनं करार फेटाळला. आपला आयुक्त जाईल ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. शेवटी 'प्रत्येक देशाला एक' हेच कायम ठेवावं लागलं. म्हणून आज 27 आयुक्त आहेत, आणि तेवढ्यांना पुरेल असं काम शोधताना खात्यांचे तुकडे पडतात.

खरी गोम मंत्रिपरिषदेत (सदस्य देशांचे मंत्री) आणि युरोपीय परिषदेत (देशांचे प्रमुख नेते) आहे. बहुतेक कायद्यांना 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या पुरते; हे गणित देश वाढले तरी चालतं. परराष्ट्र धोरण, करआकारणी, बहुवार्षिक अर्थसंकल्प यांना मात्र एकमतच लागतं. सुरुवातीच्या सहा देशांत एकाची समजूत काढणं निराळं, आजच्या 27 जणांत निराळं. नुसतं प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं म्हटलं तरी 81 मिनिटं जातात!

डिसेंबर 2023 ची ब्रुसेल्सची बैठक आठवा. युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायच्या होत्या, हंगेरीचा विरोध होता. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला. युक्रेनसाठीची 50 अब्ज युरोंची मदत मात्र त्याच बैठकीत हंगेरीनं रोखली. ती मंजूर व्हायला फेब्रुवारी उजाडला. इतक्या मोठ्या संघाचा निर्णय एक माणूस खोलीत आहे की नाही यावर ठरावा, हे मला अजूनही खटकतं.

एकमताऐवजी बहुमत आणायची तरतूद करारात आहे, पण ती वापरायलाही एकमतच हवं. म्हणूनच माझं ठाम मत आहे: नियम आधी बदला, दार मग उघडा. आज 27 जणांना राजी करायचं आहे. उद्या आत आलेला प्रत्येक नवा देशही तोच नकाराधिकार हातात घेऊन बसेल.