स्पेक्ट्रमवर पहिला गेम लिहिताना

अरे, रंगांपासून सुरुवात करू नकोस. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर चित्राला ६१४४ बाइट आहेत आणि रंगांना फक्त ७६८. म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग. लाल माणूस हिरव्या झाडापुढून गेला की झाडाची कडाही लाल होते. याच्याशी भांडत बसू नकोस. वहीत ३२ बाय २४चा तक्ता आख आणि चित्र त्यात बसव. हलणारं पात्र पार्श्वभूमीच्याच रंगात ठेवलंस तर निम्मी डोकेदुखी जाते.

स्क्रीनच्या ओळी मेमरीत क्रमाने नाहीत, हे पाहून नवखा माणूस हबकतो. माझ्या दोन रात्री त्यातच गेल्या. पण रचना किती सुंदर आहे बघ: चौकटीच्या आत एक ठिपका खाली उतरायचं तर पत्ता २५६ने वाढतो. पत्ता प्रोसेसरच्या एचएल या रजिस्टर-जोडीत असेल तर 'इन्क एच' (पत्त्याचा वरचा बाइट एकने वाढव) एवढी सूचनाच पुरते, चार टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे चार ठोके! चौकट ओलांडताना मात्र हिशेब बदलतो. म्हणून १९२ ओळींच्या पत्त्यांचा तक्ता आधीच करून ठेव. ३८४ बाइट जातात, पण ४८के मेमरीत परवडतात.

आणि वेग लागणारा कोड ३२७६८ या पत्त्याच्या वर ठेव. खालच्या रॅममध्ये यूएलए ही स्क्रीन चालवणारी चिप चित्र काढत असताना प्रोसेसरला ताटकळत ठेवते.