विमानाचं अंतर आणि वेळ: हिशेब करण्याआधी

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर बहुधा वाकडी दिसते. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. ही वाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली दिसते, तरी तीच सर्वांत छोटी. अंतर सागरी मैलांत दिलं असेल तर १.८५२ ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतील.

वेळ काढताना नवखे लोक अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागतात आणि तिथेच थांबतात. तो वेग वर पोहोचल्यानंतरचा. चढताना-उतरताना विमान बरंच हळू असतं, त्यामुळे छोट्या प्रवासात हा हिशेब सर्वांत जास्त फसतो. मी भागाकारात अर्धा तास मिळवतो.

मग वारा. मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. म्हणूनच न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास लागतात आणि उलट दिशेने आठ. अंतर तेच, वेळ निराळी. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका. त्या ज्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. आधी दोन्ही यूटीसीत (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ) आणा, मग वजाबाकी करा. उन्हाळी वेळ (काही देश उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात ती) चालू आहे का तेही बघा, कारण सगळे देश घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत.