चहा टाकायला आत जाऊ नका!

प्रश्न : नमस्कार ताई. डोंबिवलीचा आमचा वन बीएचके विकायला काढलाय, दोन महिने झाले. मी आणि हे दोघंही सकाळच्या लोकलने ऑफिसला, घरी सासूबाई एकट्याच असतात. ब्रोकर दुपारी कधीही फोन करतो, पार्टी घेऊन येतोय म्हणून, आणि दहा मिनिटांत बेल वाजते. मागच्या शनिवारी पाच माणसं आली, आईंनी नेहमीप्रमाणे चहा केला, आणि ते गेल्यावर संध्याकाळी बघतो तर ड्रेसिंग टेबलवरच्या आईंच्या मोत्याच्या कुड्या नाहीत. ब्रोकर म्हणतो पार्टी चांगल्या घरातली आहे, वहिनी, असं कसं बोलता. ह्यांचं म्हणणं, लोकांच्या मागे मागे फिरलो तर गिऱ्हाईक बिचकेल. आई तर स्वतःलाच दोष देत बसल्यात. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी आईंना सांगा की चूक त्यांची नाहीये, चूक आपल्या सवयीची आहे. दारात आलेल्याला पाणी, मग चहा, हे आपल्या हाडात आहे, त्यात घर बघायला येणारे म्हणजे जणू मुलगी बघायला आलेत असं आपण वागतो, फक्त पोहे तेवढे करत नाही. आता बघा, चहा ठेवायला आई आत गेल्या, ब्रोकर हॉलमध्ये फोनवर, आणि पाचातले दोघं बेडरूममध्ये, किती वेळ? आधण येईपर्यंत चार-पाच मिनिटं तरी नक्की. कपाटाचा कप्पा उघडायला तेवढी पुरतात. म्हणून पहिलं म्हणजे चहा बंद. पाण्याचा जग आणि ग्लास आधीच हॉलमधल्या टीपॉयवर ठेवा, झाला पाहुणचार.

कुड्यांचं म्हणाल तर ब्रोकरशी वाद घालत बसू नका आणि त्या माणसांवर थेट आळही घेऊ नका. आजच्या आज सेक्रेटरींकडे जाऊन शनिवारचं सीसीटीव्ही फुटेज बाजूला काढून ठेवायला सांगा, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कुड्या घातलेला आईंचा एखादा फोटो शोधा, पावती असली तर ती, आणि पोलीस स्टेशनला जाऊन रीतसर तक्रार द्या. 'वस्तू हरवली' अशी ऑनलाइन नोंद करून मोकळं होऊ नका, हरवणं वेगळं आणि चोरी वेगळी. पण आधी एकदा गादीखाली, देवघरात वगैरे बघून घ्या हं, राग मानू नका, आमच्याकडे एकदा अख्ख्या घराने मोलकरणीवर संशय घेतला आणि अंगठी तांदळाच्या डब्यात निघाली, आजही तिच्यासमोर मान वर होत नाही.

आता पुढचं. आई एकट्या असताना दाखवणं नाही म्हणजे नाही. ब्रोकरला सांगा, शनिवार-रविवार, अकरा ते एक, आदल्या दिवशी येणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर मेसेजवर हवा, आणि गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहिल्याशिवाय वर पाठवायचं नाही. ज्याला खरंच घर घ्यायचंय तो रविवारपर्यंत थांबतो. घरात तुम्ही दोघं, एक जण दारापाशी, एक जण त्यांच्यासोबत. खोलीत त्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही दाराशी उभ्या राहा, आणि बाहेर सगळ्यांत शेवटी तुम्ही पडा. पाच जण आले तर म्हणा, खोली लहान आहे, दोघं दोघं या. तुमच्या ह्यांना वाटतं तसं कोणी बिचकत नाही, 'ही खिडकी पूर्वेची, इथे सकाळी ऊन येतं' असं बोलत सोबत फिरलात तर उलट बरं वाटतं.

दागिने लॉकरमध्ये, नाहीतर नणंदेकडे. कपाट बंद करून किल्ली अंगावर ठेवा, उशीखाली नको. मोबाईल, लॅपटॉप, चेकबुक, आईंच्या औषधांचा डबा, बँकेची आलेली पाकिटं, सगळं एका पिशवीत घालून कपाटात. आणि दाराशेजारचा किल्ल्यांचा हूक! तो सगळे विसरतात. आम्ही घर विकत होतो तेव्हा आमची टेरेसची किल्ली अशीच गेली, कोणी नेली कधी नेली देव जाणे, लक्षात आलं तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. ते गेले की लगेच एक फेरी मारा, ड्राय बाल्कनीचं दार, बाथरूमची खिडकी, स्लायडिंगची कडी. कुड्या नेणारा त्याच दिवशी नेतो, पण कडी उघडी ठेवून जाणारा नंतर येतो.

प्रश्न : मी दुबईत असतो, कोथरूडचा टू बीएचके रिकामा आहे, विकायचाय. तीन ब्रोकरना किल्ल्या दिल्यात. बायको म्हणते हे बरोबर नाही. घरात तसं काहीच नाहीये, मग एवढी काळजी कशाला?
– एक वाचक, दुबई

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. तीन किल्ल्या म्हणजे तीनच राहिल्या असं धरू नका, ब्रोकरच्या ऑफिसातला पोऱ्या, त्याचा मित्र, आणि कोपऱ्यावरचा किल्लीवाला दहा मिनिटांत डुप्लिकेट करून देतो. घरात काही नाही म्हणता, पण नळ आहेत, गीझर आहे, फॅन आहेत, आणि मुख्य म्हणजे रिकामं घर आहे, त्यात कोणी चार दिवस राहून गेलं तरी तुम्हाला कळणार कसं? आधी लॅचचं सिलेंडर, म्हणजे किल्ली घालतो तो भाग, बदला, पूर्ण दार बदलायची गरज नाही. नवी किल्ली पुण्यातल्या एखाद्या भावाकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे, आणि दर वेळी तोच उघडेल, तोच बंद करेल. व्यवहार झाला की घेणाऱ्यालाही सांगा कुलूप बदलायला. सोसायटीला मेल करून कळवा की अमक्याशिवाय कोणाला सोडू नका.

एक सोपी युक्ती, महावितरणच्या ॲपवर दर महिन्याचं बिल बघत जा, बंद घराचं रीडिंग एकदम वाढलं की समजा आत कोणीतरी फॅन लावून झोपतंय. जाहिरातीत 'मालक परदेशात, घर रिकामं' असं छापू देऊ नका, चोराला याहून काय हवं. फोटोत दारावरची पाटी, फ्लॅट नंबर, किल्ल्यांचा जुडगा दिसत नाही ना बघा. कागदपत्रं व्हॉट्सॲपवर मागितली तर झेरॉक्सवर आडवं लिहा, 'फक्त पाहण्यासाठी', तारीख टाका, आणि आधार द्यायचंच झालं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ब्रोकरने महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर सांगितला तर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, जुन्या बिल्डिंगच्या रिसेलमध्ये तो सगळ्यांकडे असेलच असं नाही, पण सांगितलेला नंबर खोटा निघाला तर तिथेच रामराम.

प्रश्न : जाहिरात टाकली आणि एकाचा फोन आला, मी आर्मीत आहे, बदली झालीय, घर बघायची गरज नाही, टोकन आत्ता पाठवतो, क्यूआर स्कॅन करा. करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको! पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. लाखोंचं घर न बघता घेणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. नंबर ब्लॉक करा, आणि स्कॅन करून झालं असेल तर हे पान बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला.