साओ मिगेलला पहिल्यांदा जाताय?

बेट छान निवडलंत! फक्त बघायच्या जागांची लांबलचक यादी आधी बाजूला ठेवा. अझोर्स या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज द्वीपसमूहात बेटं 9 आहेत हे खरं, पण आठवड्याभरात साओ मिगेल एवढं एकच नीट बघून होतं.

नवखे हमखास चुकतात ते वार ठरवून. ‘मंगळवारी सेते सिदादेसची तळी’ म्हणावं, तर नेमकं मंगळवारी धुकं, आणि कठड्यावरून तळ्याऐवजी नुसता पांढरा पडदा. सकाळी चहा घेताना मोबाईलवर तिथले लाइव्ह कॅमेरे बघा आणि उघडीप असेल तिकडे गाडी वळवा. बसच्या भरवशावर हे जमत नाही, तेव्हा भाड्याची गाडी विमानाच्या तिकिटाबरोबरच बुक करून टाका.

बाकी थोडक्यात:

- ऑगस्ट असला तरी विंडचीटर हवाच.
- फुर्नास गावातल्या गरम कुंडात जुने, गडद कपडे घालून उतरा. लोहाच्या पाण्याने माझा पांढरा टॉवेल गेरूत बुडवल्यासारखा झाला, तो आजतागायत तसाच आहे.
- जमिनीतल्या वाफेवर तासन्‌तास शिजणाऱ्या कोझिदो या तिथल्या पदार्थात मांस असतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा.
- भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. लवकर हालचाल करा.

शेजारच्या पिको बेटावरचा 2351 मीटरचा डोंगर? पुढच्या खेपेला बोलू.