कशापेक्षा घातक, ते आधी विचार

तुझा परवाचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एवढं सगळं लिहून प्रश्न शेवटी एकच, की ई-सिगरेटच्या भांडणात आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं, कारण तुझ्या नव्या ऑफिसात अर्धे म्हणतात वेप (हीच ई-सिगरेट) म्हणजे विष आणि अर्धे म्हणतात सिगरेटमधून सुटायचा रस्ता. बाजू मी सांगणार नाहीये, चिडू नकोस. पण कोणी "हे घातक आहे" म्हणलं की तुझ्या तोंडातून आधी "कशापेक्षा?" आलं पाहिजे आणि त्याच्या पाठोपाठ "कोणासाठी?"

मी एकदा हे विचारलं नव्हतं. सिगरेट सोडवायच्या क्लिनिकमध्ये होतो तेव्हा एक पन्नाशीचे गृहस्थ यायचे, आधी दिवसाला वीस ओढायचे, आता तीन महिने नुसत्या वेपवर. म्हणाले, साहेब, हे चालेल ना? मी मोठ्या आवेशात सांगितलं की दोन्ही सारखंच, एक व्यसन सोडून दुसरं कशाला धरताय. पुढच्या वेळी आले तर शर्टाच्या खिशात पाकीट. तुम्हीच म्हणालात ना सारखंच, मग जी आवडते तीच ओढतो की. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातून येणारा विषारी वायू, मोजायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, महिनाभरापूर्वी 3 दाखवत होतं, आता 24. ते हसत होते, मला हसू येईना.

फरक आहे तो जळण्याचा. झुरका घेताना सिगरेटचं टोक 900 अंशांच्या आसपास जातं, तंबाखू जळते, धुरात 7,000 च्या वर रसायनं आणि त्यातली सत्तरएक कॅन्सर करणारी. वेपमध्ये जळत काही नाही, आतली छोटी तार, म्हणजे कॉइल, तापते आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर, निकोटीन याची वाफ होते. मायकल रसेल नावाचा डॉक्टर 1976 सालीच लिहून गेलाय की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या पदार्थामुळे. आता यावरून कोणी तुला सांगेल की मग वेप म्हणजे नुसती पाण्याची वाफ, तर तेही खोटंच, त्यात फॉर्मल्डिहाइड सापडतं, धातूचे कण सापडतात, आणि व्यसन लावणारं निकोटीन तर आहेच. शिवाय होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने आजच्या पद्धतीची ई-सिगरेट काढली 2003 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षं वेप ओढलेला माणूस जगात कुठेच नाही, अभ्यासणार कोणाला?

म्हणूनच तो "वेप सिगरेटपेक्षा 95 टक्के कमी घातक" वाला आकडा जरा जपून वापर. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2015 मध्ये तो छापला आणि जगभर गाजला, पण त्याचं मूळ म्हणजे काही तज्ज्ञांनी एकत्र बसून दिलेले मार्क, कोणी फुफ्फुसं मोजून काढलेला नाही. "बरंच कमी" म्हण, पुरे होतं, आणि त्यावर कोणी हरकत घेतली तर भांडायलाही सोपं जातं.

इंग्लंडमध्येच 886 जणांवर एक ट्रायल झाली, 2019 ला आली. वर्षभरानंतर वेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगरेटपासून लांब होते आणि निकोटीनचे पॅच, च्युइंगम वगैरे सोडायची औषधं घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के, जवळपास दुप्पट. पण जे सुटले त्यातले वेपवाले 80 टक्के अजून वेप ओढतच होते, दुसऱ्या गटात पॅच-च्युइंगम चालू असलेले फक्त 9 टक्के. एक पार्टी पहिला आकडा पोस्टरवर लावते, दुसरी दुसरा. तू दोन्ही एका दमात सांगत जा, कोणालाच आवडणार नाही, सवय कर.

आणि जो म्हणतो मी वेप पण घेतो आणि सिगरेट वीसवरून पाचवर आणल्यात, त्याला शाबासकी देऊन मोकळी होऊ नकोस. हृदयाचा हिशोब वेगळा आहे, दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, विसावा हिस्सा नाही. धूर पूर्ण थांबला तरच खरा फायदा.

तुझे सीनियर लोक "हार्म रिडक्शन" (सवय सुटत नसेल तर निदान नुकसान तरी कमी करा) हा शब्द ऐकला की भडकतात, त्यांना लगेच जुन्या विचारांचे ठरवू नकोस. त्यांनी "लाइट" सिगरेट बघितलीये. त्या फिल्टरवर गोल बारीक भोकांची रांग असायची, टेस्टिंग मशीन ओढायचं तेव्हा भोकांतून हवा आत यायची आणि टार कमी दिसायचं, माणूस ओढायचा तेव्हा तीच भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी बुजायची, वर तो झुरका पण खोल घ्यायचा. लाखो लोकांनी सोडायच्या ऐवजी लाइट धरली. आणि 2018 मध्ये ज्यूल या वेप कंपनीचा 35 टक्के हिस्सा विकत घेतला तो आल्ट्रियाने, म्हणजे मार्लबोरोवाल्यांनीच. माणसं संशय घेणार नाहीत तर काय!

पोरांचा मुद्दा तर खराच आहे. अमेरिकेत 2019 ला हायस्कूलची 27.5 टक्के मुलं वेप ओढत होती, 2024 ला 7.8 वर आली. ज्याने कधी सिगरेट ओढलीच नाही अशा पंधरा वर्षांच्या पोराला सिगरेटशी तुलना करून काय सांगणार, त्याची तुलना स्वच्छ हवेशी. पण त्याच 2019 मध्ये तिथे फुफ्फुसं निकामी व्हायची साथ आली, 68 माणसं गेली, त्यात मुख्य दोषी निघालं गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमधलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, आणि हेडलाइन मात्र सगळीकडे "वेपिंगने मृत्यू". घाबरून कितीजण परत सिगरेटकडे गेले असतील कोण जाणे.

मला स्वतःला सरसकट बंदी पटत नाही, कारण वेप बंद आणि सिगरेट चालू म्हणजे कायदा जास्त घातक वस्तूला मोकळं सोडतो. भारताने 2019 मध्ये विक्री बंद केली, ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये वेपची विक्री फक्त फार्मसीत ढकलली, ब्रिटनने डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे वेप, तेवढे 2025 मध्ये बंद केले आणि सिगरेट सोडणाऱ्यांना वेपची किट दिली. मला ब्रिटनची वाट त्यातल्या त्यात बरी वाटते, तुला नाही पटली तर कारणं लिहून पाठव.

हां, तू पाठवलेला तो बंदीच्या नियमांचा ड्राफ्ट. तिसऱ्या पानावर "सर्व तंबाखू व निकोटीन उत्पादनांवर बंदी" असं एका ओळीत लिहिलंयस, त्यात पॅच आणि च्युइंगम पण आले बघ, आणि ते 2009 पासून डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती ओळ फोड, जळणारं वेगळं, न जळणारं वेगळं, औषध वेगळं, आणि मग पाठव. रविवारी बसून वाचतो.