व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचात कसं घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की सहावीतल्या लेकीला नाचायचंय आणि बाई म्हणतात, "तिला निवेदन देऊ." मी शिक्षक आहे, गॅदरिंग बरेचदा माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून आतलं सांगतो. निवेदन आम्ही आमच्या सोयीसाठी देतो. तिला बोलायची हौस असेल तर जरूर घ्या, नाहीतर नाचच मागा.

तेही मुलं निवडतानाच. नाच बसल्यावर आलेल्या मुलाला कडेला उभं करण्यापलीकडे आम्हालाही काही सुचत नाही. आधी कळलं तर हातांच्या हालचाली, खुर्चीची गिरकी, दोन रांगांमधली जागा, सगळं तिला धरून बसवता येतं.

खरी अडचण स्टेजची. रॅम्पला 1 फूट उंचीमागे 12 फूट लांबी लागते. स्टेज 3 फुटांचं असेल तर 36 फूट. मांडव घातल्यावर एवढी जागा कुठल्या शाळेत उरते? मग मांडववाला एक फळी तिरकी टाकून देतो, तिच्यावर खुर्ची चढत नाही, आणि शेवटी चार मुलं ती उचलून वर नेतात. पालक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला मुळीच आवडत नाहीत. त्यापेक्षा स्टेजच फूटभर उंचीचं घ्यावं, नाहीतर तो नाच सगळ्यांनीच खाली मैदानात करावा. लेझीम असेल तर प्रश्नच नाही, ती शोभते मैदानातच. फक्त हे मांडववाल्याला ऑर्डर जायच्या आधी ठरवा, नंतर तो कुणाचं ऐकत नाही.

शाळेने टोलवाटोलवी केली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने शिक्षणासोबत खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची असते. मात्र आधी बाईंशी बोला. बहुतेकदा नकारामागे 'पडली तर?' ही भीती असते, आणि ती तुम्ही एका तालमीला समोर बसलात की बरीचशी जाते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही तालमीला बोलवता येतं.

आणि हो, मेकअपची खोली वरच्या मजल्यावर ठेवलेली नाही ना, हे विचारा. कार्यक्रम बाहेरच्या सभागृहात असेल तर तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का, तेही आधीच बघून या.